दवाखान्यातले सहा तास : नेत्रदान प्रत्यक्षात कसं होतं

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा असतो. शाळांच्या फेऱ्या निघतात, गणपती त्याच दिवसांत आले तर मांडवाशेजारी टेबल लागतं, लोक संकल्पपत्र भरतात आणि मिळालेलं कार्ड पाकिटात ठेवतात. त्यांच्या मनात खरंच द्यायचं असतं, याबद्दल शंका नाही. पण कार्ड भरल्यापासून माणूस जाईपर्यंत मध्ये वीस-तीस वर्षं जातात. शेवटी तो जातो तेव्हा घर रडण्यात, नातेवाइकांना फोन लावण्यात आणि अंत्यविधीच्या तयारीत असतं. कार्डाची आठवण होते ती दहाव्याला, कपाट आवरताना.

म्हणून हा लेख संकल्पपत्राबद्दल नाही. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, प्रतीक्षायादीतल्या माणसाला दिसायला लागतं ते कसं, म्हणजे तो कॉर्निया नेमका कुठून येतो, कोण आणतं, मध्ये काय काय घडतं, ते मला सांगायचं आहे. त्या साखळीतली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे दवाखाना. माणूस वॉर्डात गेला आणि त्याच्या घरच्यांना कुणी तरी येऊन नीट विचारलं, एवढ्या एका गोष्टीवर बहुतेक वेळा सगळं ठरतं.

द्यायचं असतं ते काय?

नेत्रदान म्हटलं की अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसवतात, असं अजूनही अनेकांना वाटतं. तसं होत नाही. डोळा मेंदूला ज्या नसेने जोडलेला असतो ती एकदा तुटली की आज तरी पुन्हा जोडता येत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका माणसाला अख्खा डोळा बसवला. तो डोळा जगला, पण त्यातून दृष्टी काही आली नाही.

बसवतात तो फक्त कॉर्निया. बुबुळाच्या काळ्या किंवा तपकिरी वर्तुळासमोर, घड्याळाच्या तबकडीवर काच असावी तसा, एक पारदर्शक पडदा असतो. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि रुंदी अकरा-बारा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू तो थेट हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो आणि पोषण डोळ्याच्या आतल्या पाण्यातून. रक्तवाहिन्या नसल्यामुळेच तो पारदर्शक राहतो आणि दुसऱ्याचा कॉर्निया आपलं शरीर इतर अवयवांच्या मानाने बरंच सहज स्वीकारतं. रक्तगट जुळवावा लागत नाही. डोळ्याचा रंगही बदलत नाही, कारण रंग असतो मागच्या बुबुळात आणि त्याला कुणी हात लावत नाही.

या पडद्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि पुढची सगळी धावपळ त्याच्यासाठी असते. या पेशी अहोरात्र कॉर्नियातलं जास्तीचं पाणी आत परत ढकलत असतात. त्या थकल्या किंवा मेल्या की कॉर्निया पाणी धरतो, सुजतो आणि पांढुरका होतो. धडधाकट मोठ्या माणसात दर चौरस मिलिमीटरला अशा दोन ते तीन हजार पेशी असतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. गेल्या त्या गेल्या.

कॉर्निया खराब होण्याची आपल्याकडची कारणं आपल्या जगण्यातलीच आहेत. उसाचं पातं डोळ्यात जातं, भात झोडपताना लोंबी लागते, कडबा उचलताना धसकट घुसतं. सुरुवातीला नुसतं खुपतं. माणूस दोन दिवस अंगावर काढतो, कुणी तरी सांगितलेलं औषध घालतो आणि तोवर जखमेत बुरशी धरते. जखम भरते तेव्हा मागे पांढरा डाग राहतो. गावाकडे याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. तंबाखूत मळायच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात उडतो, तोही कॉर्निया जाळतो. काहींचा कॉर्निया तरुणपणीच पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. काहींच्या पेशी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दम टाकतात. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत मोतीबिंदूच्या खालोखाल कॉर्नियाची अपारदर्शकता हे अंधत्वाचं कारण निघालं. पन्नाशीच्या आतल्या लोकांत तर ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. म्हणजे यात कमावते हात आहेत आणि शाळेत जाणारी पोरंही आहेत.

चुन्याने गेलेले डोळे

पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण झालं तेही चुन्यानेच भाजलेल्या डोळ्यावर. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी एका मजुराच्या डोळ्यांवर ते केलं. कॉर्निया आला होता अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातून. दुखापतीमुळे त्याचा तो डोळा काढूनच टाकावा लागणार होता. मजुराला एका डोळ्याने दिसू लागलं आणि तो पुन्हा कामावर गेला.

पण जिवंत माणसाचा डोळा काढायची वेळ येण्याची वाट बघत किती जणांवर उपचार होणार? पुढे ओडेसाच्या डॉ. व्लादिमिर फिलातोव्ह यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं की मृत व्यक्तीचा कॉर्नियाही तितकाच चांगला चालतो. मग डोळे गोळा करून, तपासून, जपून ठेवणारी संस्था हवी झाली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. टाउनली पेटन यांच्या पुढाकाराने पहिली नेत्रपेढी निघाली आणि पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, मद्रासला भारतातली पहिली. शस्त्रक्रियेचं तंत्र तेव्हापासून कितीतरी पुढे गेलं आहे. अडतं ते कॉर्निया मिळण्यापाशी.

घरी झालेला मृत्यू आणि दवाखान्यातला मृत्यू

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा, असा आपल्याकडचा नियम आहे. रक्ताभिसरण थांबल्यावर त्या आतल्या थरातल्या पेशी एकेक करून मरू लागतात आणि पापण्यांखाली जंतू वाढतात. शव शीतगृहात असेल तर थोडा जास्त वेळ मिळू शकतो, पण ते नेत्रपेढीच्या माणसाने बघून ठरवायचं.

आता घरी गेलेल्या एखाद्या आजोबांचा विचार करा. वय पंच्याऐंशी, रात्री झोपेतच गेले. घरच्यांनी आठवणीने नेत्रपेढीला फोन केला, पथक आलं, नेत्रदान झालं. मोठ्या मनाची गोष्ट आहे ही आणि ती व्हायलाच हवी. तरी अडचणी राहतात. मृत्यूचं नेमकं कारण माहीत नसतं. जुने कागद सापडत नाहीत. वयामुळे पेशींची संख्या बरीच उतरलेली असू शकते. मृत्यू नक्की कधी झाला, तेही सांगता येत नाही.

दवाखान्यात हेच चित्र पालटतं. मृत्यूची वेळ मिनिटासकट लिहिलेली असते. केसपेपरवर आजार, औषधं, तपासण्या सगळं असतं. काविळीची किंवा एचआयव्हीची तपासणी कदाचित आधीच झालेली असते. मरण पावणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीतले लोकही असतात आणि नेत्रतंत्रज्ञ त्याच आवारात किंवा जवळपास असतो. म्हणूनच दवाखान्यांतून मिळालेल्या कॉर्नियांपैकी प्रत्यारोपणाला लायक निघणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं, असा नेत्रपेढ्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

यावरूनच ‘हॉस्पिटल कॉर्निया रिट्रीव्हल प्रोग्रॅम’ निघाला. १९९० च्या सुमारास भारतात त्याची सुरुवात झाली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटची रामायम्मा नेत्रपेढी आणि १९८९ मध्ये स्थापन झालेली भारतीय नेत्रपेढी संघटना यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यातली कल्पना अगदी साधी : मोठ्या दवाखान्यात नेत्रपेढीचा प्रशिक्षित समुपदेशक बसवायचा, वॉर्डात मृत्यू झाला की सिस्टरने त्याला कळवायचं आणि त्याने जाऊन नातेवाइकांशी बोलायचं. घरच्यांनी आधी फॉर्म भरलेला असो वा नसो, त्यांना विचारायचं.

विचारणं

हे काम किती अवघड आहे, त्याची कल्पना बाहेरून येत नाही. समोरच्या माणसाचा बाप, बायको किंवा मुलगा अर्ध्या तासापूर्वी गेलेला आहे. दवाखान्याच्या बिलाची चिंता आहे. गावाकडे कळवायचं आहे. आणि एक अनोळखी बाई येऊन डोळ्यांबद्दल विचारणार.

चांगली समुपदेशक त्यामुळे डोळ्यांपासून सुरुवात करत नाही. मृत्यू झाला हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं आहे, हे ती आधी सिस्टरकडून पक्कं करून घेते. डॉक्टरांच्या आधी तिने तोंड उघडलं तर अनर्थच. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः हा विषय काढू नये, असाही संकेत आहे. डोळे हवेत म्हणून उपचारांत हयगय झाली, असा संशय कुणाच्याही मनात यायला नको. मग ती घरच्यांपैकी जरा सावरलेलं, निर्णय घेऊ शकेल असं कोण आहे ते बघते. पाणी देते. गर्दीतून बाजूला, बसायला जागा असेल तिथे घेऊन जाते.

“दादा, मी इथे नेत्रपेढीकडून काम करते. बाबा गेल्याचं सिस्टरांनी सांगितलं. दाखल्याचं, शववाहिकेचं काही अडलंय का? मी बघते.”

हे नुसतं बोलणं नसतं, ती खरंच ती मदत करते. मृत्यूचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, सही कुणाची लागते, हे तिला पाठ असतं. मग थोड्या वेळाने : “बाबांच्या डोळ्यांमुळे दोन माणसांना दिसू शकेल. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, इथेच होतं. चेहरा होता तसाच राहतो. बाबांचा स्वभाव कसा होता? त्यांना विचारलं असतं तर काय म्हणाले असते?”

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यामुळे मुलाला स्वतःचं मत द्यावं लागत नाही, वडिलांचं मन आठवावं लागतं. आणि अनेकदा तिथेच कुणी तरी म्हणतं, ते तर कुणालाही नाही म्हणायचे नाहीत.

नकारही येतात आणि ते ठरावीक असतात. “आधीच किती भोगलंय त्यांनी, आता चिरफाड नको.” यावर वाद घालायचा नसतो. कापतात तो केवढासा भाग आणि कसा, एवढंच सांगायचं. “पुढच्या जन्मी आंधळे जन्मतील.” याचं उत्तर वैद्यकशास्त्रात नाही, पण घरातलीच एखादी वडीलधारी बाई बऱ्याचदा ते देऊन जाते : दान केल्याचं पाप कसं लागेल? “बॉडी मिळायला उशीर होईल.” दाखला आणि पावत्या होईपर्यंत जो वेळ जातो, त्यातच नेत्रदान उरकतं, हे दाखवून देता येतं. सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे “मोठे काका गावाहून निघालेत, ते आले की विचारू.” काका सहा तासांत पोचले नाहीत तर विषयच संपतो. मग समुपदेशक काकांना फोन लावायला सुचवते आणि हवं असेल तर स्वतः त्यांच्याशी बोलते.

आणि घरच्यांनी ठाम नाही म्हटलं की ती उठते. दाखल्याची मदत मात्र तशीच चालू राहते. गळ घालायची नाही, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. आज दुखावलेलं कुटुंब पुढे आयुष्यभर नेत्रदानाबद्दल वाईटच बोलेल. नीट वागवलेलं कुटुंब नकार देऊनही कधी तरी दुसऱ्या कुणाला सुचवेल.

कायदा काय सांगतो

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा २०११ मध्ये दुरुस्त झाला आणि त्याच्या नावातही ‘ऊती’ आल्या. कॉर्निया ही ऊती. आधी डोळे काढायचा अधिकार फक्त डॉक्टरांना होता. दुरुस्तीने तो प्रशिक्षित तंत्रज्ञांनाही मिळाला. रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत बसायची वेळ त्यामुळे टळली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या बाबतीत दानाबद्दल विचारणं हे दुरुस्तीने दवाखान्यातल्या डॉक्टरांचं आणि प्रत्यारोपण समन्वयकाचं कर्तव्यच ठरवलं.

संमती कुणाची? मृताने हयातीत लेखी इच्छा नोंदवलेली असेल तर उत्तमच, पण ती सक्तीची नाही. ज्यांच्या ताब्यात कायदेशीरपणे देह आहे ते जवळचे नातेवाईक साक्षीदारांसमोर सही करून परवानगी देऊ शकतात. फक्त मृताने जिवंतपणी विरोध केलेला नसावा आणि जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाचा आक्षेप नसावा. उलटही खरं आहे. कार्ड खिशात असलं तरी घरचे नाही म्हणाले तर नेत्रपेढी जबरदस्ती करत नाही. म्हणून कार्डापेक्षा घरात चार वेळा बोललेलं जास्त उपयोगी पडतं.

बेवारस देहाबद्दलही कायद्यात तरतूद आहे. दवाखान्यात ४८ तास कुणी दावा केला नाही तर दवाखान्याचा प्रमुख परवानगी देऊ शकतो. पण ४८ तासांनी त्या कॉर्नियात बहुधा काही उरलेलं नसतं. ही तरतूद कॉर्नियाचा स्वभाव लक्षात घेऊन लिहिलेली नाही, असं माझं मत आहे.

अपघात, विषबाधा, गळफास अशा मृत्यूंत पोलीस केस असते, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. तिथेही नेत्रदान होऊ शकतं. मृत्यूचं कारण शोधण्यात त्याने अडथळा येणार नाही, एवढं पोलिसांनी आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मान्य करावं लागतं. हे दाते बहुतेक तरुण असतात आणि त्यांचे कॉर्निया उत्तम असतात. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत तास सरतात. शवागाराशेजारी समुपदेशक बसवणं आणि पोलीस चौकीशी आधीच बोलून ठेवणं, यावर ज्या दवाखान्यांनी मेहनत घेतली तिथे फरक पडतो.

त्या पंधरा-वीस मिनिटांत

होकार आला की सिस्टर आधी साधी पण फार मोलाची कामं करते. पंखा बंद. डोक्याखाली उशी, म्हणजे डोळ्यांकडे रक्त साकळत नाही आणि नंतर रक्तस्राव होत नाही. पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. उघड्या डोळ्यावर पंख्याचा वारा लागला तर कॉर्निया सुकून जातो आणि पुढची सगळी मेहनत वाया.

तंत्रज्ञ येतो तो आधी केसपेपर वाचतो. रेबीज, एड्स, बी आणि सी प्रकारची कावीळ, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मेंदूज्वर, कारण न कळलेला मृत्यू, यांपैकी काही असेल तर तो थांबतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, जाड भिंगाचा चष्मा किंवा मोतीबिंदूचं झालेलं ऑपरेशन यांनी काही अडत नाही. मग तो देहातून रक्ताचा नमुना घेतो. मृत्यूपूर्वी खूप सलाइन किंवा रक्त चढवलं असेल तर तपासणी फसवी निघू शकते, म्हणून तीही नोंद तो बघतो.

पापण्या आणि डोळा जंतुनाशकाने धुतात. निर्जंतुक कापड पसरतात, त्यातून फक्त डोळा दिसतो. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचं छोटं उपकरण लावतात. कॉर्नियाभोवतीची पातळ त्वचा सोडवून, पांढऱ्या भागात कडेने दोन-चार मिलिमीटर अंतर ठेवून गोलाकार छेद देतात. आतलं बुबुळ हळूच मागे सोडवतात आणि पांढरी कड असलेली ती पारदर्शक चकती अलगद उचलून घेतात. इथे हाताची सगळी कसोटी लागते, कारण चकती जराशी दुमडली तरी आतल्या पेशी चिरडतात. ती थेट छोट्या बाटलीत जाते. बाटलीतलं गुलाबीसर द्रावण पेशींना जगवतं. एम. के. मीडियम नावाच्या द्रावणात ती साधारण चार दिवस टिकते आणि काही नव्या द्रावणांत चौदा दिवसांपर्यंत. डावा-उजवा, वेळ, क्रमांक लिहून बाटली बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंशांत ठेवतात. काही ठिकाणी अजून अख्खा डोळा काढतात. मग खोबणीत कापूस आणि वर प्लॅस्टिकची टोपी बसवतात.

शेवटी पापण्या मिटवतात आणि चेहरा पुसतात. घरच्यांना दर्शन देताना काही केलंय असं जाणवत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचं दान मेंदूमृत्यूनंतर, हृदय चालू असतानाच शक्य असतं आणि तसे मृत्यू थोडे. नेत्रदान मात्र हृदय बंद पडून झालेल्या साध्या मृत्यूनंतरही होतं. म्हणजे दवाखान्यातला जवळजवळ कुठलाही मृत्यू त्यासाठी विचारात घेता येतो. देहदानाची इच्छा असलेल्यांनीही काळजी करू नये. नेत्रदान झालेला देह वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचनाशास्त्र विभाग स्वीकारतात.

पेढीत आणि पुढे

नेत्रपेढीत रक्ताची एचआयव्ही, दोन्ही प्रकारच्या काविळी आणि सिफिलिस यांसाठी तपासणी होते. स्लिट लॅम्प म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्निया बघतात : डाग, सुरकुत्या, सूज. मग एका खास सूक्ष्मदर्शकाने आतल्या पेशी मोजतात. दृष्टी परत यावी म्हणून करायच्या प्रत्यारोपणाला साधारण दर चौरस मिलिमीटरला दोन हजारांच्या पुढे पेशी हव्यात. त्याहून कमी असतील तर तो कॉर्निया दुसऱ्या तातडीच्या कामाला येतो, उदाहरणार्थ जंतुसंसर्गाने फुटायला आलेला डोळा वाचवायला. तिथे दृष्टी नंतर, आधी डोळा राहिला पाहिजे.

सगळेच कॉर्निया बसवले जात नाहीत, हे कुटुंबांना आधीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. देशभरात गोळा होणाऱ्या कॉर्नियांपैकी जवळपास निम्मेच प्रत्यारोपणाला वापरले जातात. उरलेले शिक्षणाला आणि संशोधनाला उपयोगी पडतात. नव्या डॉक्टरांचा हात त्यांवरच तयार होतो. पण ‘दोघांना दिसेल’ असं छातीठोक सांगून नंतर गप्प राहण्यापेक्षा ‘दिसू शकेल’ म्हणणं प्रामाणिक.

कॉर्निया कुणाला द्यायचा ते प्रतीक्षायादीवरून ठरतं. दोन्ही डोळे गेलेले, लहान मुलं, तातडीचे रुग्ण यांचा विचार आधी होतो. दात्याच्या घरच्यांना घेणाऱ्याचं नाव कळत नाही आणि घेणाऱ्याला दात्याचं. डोळ्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. दात्याच्या कुटुंबाला पैसे मिळत नाहीत आणि त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला जात नाही.

शस्त्रक्रियेत खराब कॉर्नियाचा मधला गोल भाग काढून तिथे नवा बसवतात आणि केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने टाके घालतात. टाके कित्येक महिने राहतात. फक्त आतला थर खराब असेल तर आता तेवढाच पातळ थर बदलता येतो. अशा वेळी एकाच कॉर्नियाचा पुढचा भाग एकाला आणि आतला थर दुसऱ्याला, असंही करता येतं. पुढे बराच काळ थेंब घालावे लागतात. डोळा लाल झाला, दुखला, प्रकाश खुपला किंवा अचानक धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. शरीर परका कॉर्निया नाकारत असेल तर वेळीच औषध दिल्यावर तो बऱ्याचदा वाचतो. थेंब परवडले नाहीत किंवा तपासणीला यायला एसटीचे पैसे नाहीत म्हणून कॉर्निया जाणं, हे खरंच सोसवत नाही. दान मिळवण्यावर जेवढं बोललं जातं, तेवढंच या पाठपुराव्यावर बोलायला हवं.

शेजारच्या श्रीलंकेत १९६१ मध्ये डॉ. हडसन सिल्वा यांनी नेत्रदान संस्था काढली आणि तो एवढासा देश इतर देशांना कॉर्निया पाठवू लागला. माजी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने १९९६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या डोळ्याचा कॉर्निया जपानला गेला. दानाला तिथे बौद्ध धर्मात मोठं स्थान आहे, हे खरं. पण दानाचं माहात्म्य आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. आपल्याकडे कमी पडतं ते विचारणारं माणूस. खूप दवाखान्यांत समुपदेशक नाही. आहे तिथे तो दिवसपाळीला असतो आणि मृत्यू रात्रीही होतात. काही ठिकाणी सिस्टरला नेत्रपेढीचा नंबरच माहीत नसतो.

त्यामुळे तुमच्या जवळचं कुणी दवाखान्यात गेलं आणि विचारायला कुणी आलं नाही, तर ड्युटीवरच्या सिस्टरला किंवा आरएमओला (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला) तुम्हीच सांगा : “आम्हाला नेत्रदान करायचंय, नेत्रपेढीला कळवा.” तोवर पापण्या मिटवा, ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. रक्ताचा नमुना घेऊ द्या. मृत्यूच्या कागदाची प्रत आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र हाताशी ठेवा. आणि तुम्ही एखाद्या दवाखान्यात काम करत असाल, कुठल्याही पदावर, तर उद्या ड्युटीवर गेल्यावर जवळच्या नेत्रपेढीचा चोवीस तास चालणारा नंबर शोधा आणि प्रत्येक वॉर्डात सिस्टरच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.